पाण्यावरची बैलजोडी

आमच्या बोअरच्या नळाखाली जनावरांना पाणी प्यायला जो हौद ठेवलाय, तो मुळात हौद नाहीच. नीट बघितलं तर कळतं. लांबुडका आहे, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला बोडका. उन्हानं पांढरा पडलाय, पण बुडाशी, जिथं ऊन पोचत नाही तिथं, अजून पिवळाधमक आहे. माझ्या धाकट्या भावानं त्याची वरची बाजू करवतीनं कापून काढली. मधली एक रुंद पट्टी तेवढी ठेवली, नाहीतर म्हणे भिंती फाकल्या असत्या. त्या पट्टीवर एक खोलगट खाच आहे. बैल मान खाली घालतात तेव्हा त्यांची शिंगं पट्टीला घासून खर्र खर्र आवाज होतो, आणि मला तो आवाज सोसत नाही.

पोळ्याला मी नांदेडहून येते. आले की यावरून भावाशी एकदा तरी वाजतंच. "अरे, एक सिमेंटचा हौद बांधून टाक की!" तो आपला कडबा तोडता तोडता म्हणतो, "काहून? चांगलं हाय की हे. फुटत न्हाई, गळत न्हाई." आता याला काय बोलावं? त्या वर्षी तो कडेवरचं लेकरू होता. त्याच्या लेखी तो पहिल्यापासून हौदच.

माय भिंतीला टेकून खाटेवर बसलेली असते. अलीकडं तिची आठवण पार विस्कटलीय. मला कधी ओळखते, कधी तिची मेलेली मावशी समजते. जेवली का नाही ते तिला सांगता येत नाही. पण दुपार कलली की एक प्रश्न ठरलेला. "वारा कुठला हाये वं?" आधी आधी मी खरं सांगायची. पूर्वेचा म्हटलं, की ती कावरीबावरी व्हायची, हात चोळत बसायची. आता वारा कुठलाही असो, आम्ही सगळे मावळतीचाच सांगतो. "मंग जमते," ती म्हणते आणि निवांत होते.

तिला माहेरी जायचं असतं.

माहेर पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात. मधे धरणाचं पाणी. आमच्या बांधावरून पलीकडचा काठ दिसतो, ऊन पडलं की तिथल्या देवळाचा चुना चमकतो. जुना रस्ता आमच्याकडून सरळ उतरत जातो आणि पाण्यात शिरतो. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की त्याची खडी, कडेचे दगड, मोडकी मोरी असं एकेक वर येतं, पण तो पुरता कधी उघडा पडत नाही. मधे नदी राहतेच. आमच्या घराण्याची त्या गावाशी सोयरीक फार जुनी. पाणी आडवं आलं म्हणून कुणी ती तोडली नाही. मायला इकडं दिलं, आणि तिचं माहेर डोळ्यांसमोर राहूनही लांब गेलं. जायचं म्हणजे आधी कळमनुरी गाठा, तिथं पुसदच्या गाडीची वाट बघा, फाट्यावर उतरा, मग जीप मिळाली तर मिळाली. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला पोचायची. वर्षातनं एकदा, पंचमीला, तेही सासरची कामं उरकली तर. बाकी वर्षभर ती बांधावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून बघायची. "आज बापानं धोतर वाळू घातलं," म्हणायची. एवढ्या लांबून धोतर कुठलं दिसतंय! पण आम्ही तिला कधी खोडलं नाही.

आज्याचा तिच्यावर फार जीव. माझा आजा, म्हणजे मायचा बाप, उंच, वाकलेला, कानात भिकबाळी घालणारा. त्याला दम्यानं धरलं होतं. त्या उन्हाळ्यात निरोप आला, की म्हातारं आता खाटेवरून फार उठत नाही. माय चुलीपुढं बसून रडली. धुरानं रडते असं आम्हाला सांगितलं. नंतर मला जवळ घेऊन म्हणाली, "माह्या बापाचं तोंड मले पाह्याला भेटलं पाह्यजे, बाई. बाकी काई नको." मी लहान होते, पण एवढं मला समजलं. त्या साली आमच्या घरात दुसरी कुठली गोष्ट महत्त्वाची नव्हती.

आणि मग मामा आला. मायचा पाठचा भाऊ. तो समुद्राकाठी कामाला होता, पर्यटकांना शिडाच्या बोटी शिकवतात अशा ठिकाणी. काळाकुट्ट होऊन आला होता, ओठ फुटलेले. ट्रकमधून वारंगा फाट्याला उतरला तो एकटा नव्हे, एक मोडकी बोट घेऊन. मालकानं टाकून दिली होती ती त्यानं मागून घेतली. बापू, म्हणजे माझे वडील, बैलगाडी घेऊन फाट्यावर गेले, मीही गेले. चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली. दोन अरुंद पिवळ्या होड्या, त्यांना आडव्या जोडायच्या दोन दांड्या, मधे ताणायची जाळी, एक लांब काठी आणि गुंडाळलेलं शीड. मामा म्हणाला, याला कॅटामरान म्हणतात. एक ट्रकवाला म्हणाला, "कायचं मरण?" सगळे हसले. गावात आणून पाण्याकाठी जोडली तेव्हा आमच्या एका चुलत्यानं बघता क्षणी सांगितलं, "अरे ही तं बैलजोडी हाय. दोन बैल आन वर जू."

झालं. तेव्हापासून ती बैलजोडीच. होडी म्हणजे बैल, एक डावा, एक उजवा. पुढची दांडी म्हणजे जू. शिडाच्या दोराला कासरा. मामाही हरला आणि तसंच बोलायला लागला.

त्या बोटीचा वास अजून माझ्या नाकात आहे. ऊन तापलं की होड्यांमधून औषधासारखा, मेणचट वास सुटायचा. त्यात ओल्या अंबाडीच्या दोरांचा वास, काठच्या चिखलाचा, बेशरमाच्या झुडपांचा. शीड ठिकठिकाणी फाटलेलं. मायनं त्याला कापसाच्या गठाणीचं कापड लावून ठिगळं दिली, गोधडीला घालतात तशी बारीक धावदोऱ्याची शिवण घालून. जुने बोल्ट गंजून गेले होते. मामानं होडीच्या पाठीवरच्या खाचेत दांडी बसवली आणि दोरानं आवळून बांधली. "हे बांधन कोरडं अन् घट्ट पाह्यजे, ताई," तो म्हणाला. "सारा जीव याच्यातच हाये."

शिकायची होती मायला. मामा कितीक दिवस राहणार? आणि बापू विहिरीत पोहायला शिकलेले, त्यांना उघडं पाणी बघून गरगरायचं. माय मात्र म्हशीची शेपटी धरून धरणाच्या पाण्यात वाढलेली. तिनं काष्टा घातला, वर मामानं आणलेलं फुगीर जाकीट चढवलं आणि जाळीवर बसली. काठावर बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अगं बाई, निघाली आगबोट!" माय म्हणाली, "हसा हसा. उद्या तुमीच म्हनसाल, आमाले ने."

पहिल्याच दिवशी तिनं ती पालथी घातली. आणि का घातली, ते ऐकण्यासारखं आहे. माय लहानपणापासून बैलगाडी हाकणारी. बैल उधळले तर काय करायचं? कासरा ओढायचा. तिच्या हाताला तेच ठाऊक. वाऱ्याचा झोत आला, बोट सुसाट निघाली, एक होडी पाण्यातून वर उचलली गेली, आणि माय घाबरून कासरा ओढायला लागली. शिडाचा दोर जितका ओढावा तितकं ते वारं पितं. काठावरून मामा ओरडतोय, "सोड! सोड ताई, सोड!" ती आणखीच ओढतेय. डावा बैल आभाळात गेला, काठी पाण्यावर आपटली, माय गडप.

मी जाळीवरच होते. अंगावर जाळी आली, डोळ्यांपुढं सगळं हिरवं, कानात गुडगुड. वर आले तर मायचा आवाज, "हाये का वं? हाये का?" मी ओ दिली तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती.

मामा तिला रागावला नाही. म्हणाला, "बैलाले थांबवाले वढते, हिले थांबवाले सोडते. एवढंच ध्यानात ठेव." पण हाताचं वळण असं जातंय का? मायनं घरी एक खुंटी केली. खुंटीला दोर बांधून, भाकरी थापता थापता मधेच उठायची, दोर हातात घ्यायची, स्वतःशीच म्हणायची, "वारा आला," आणि मूठ उघडायची. वारा आला, मूठ उघडायची. बापू बघत राहायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "तुझ्या मायला कायतरी झालंय बघ."

पालथी झाली तर सरळ कशी करायची, हा दुसरा धडा. मामा मुद्दाम पालथी घालायचा, पुन्हा पुन्हा. बोट आडवी पडली की घाबरून काठाकडं पोहत सुटायचं नाही. काठ जवळ दिसतो, तो जवळ नसतो. बोट सोडायची नाही. तिचं नाक वाऱ्याकडं वळवायचं, पाण्यातल्या होडीवर उभं राहायचं, वरच्या होडीवरून आलेला दोर धरायचा आणि मागं रेलायचं. हळूहळू काठी पाण्यातून सुटते, मग एकदम उठते. पण माय पडली काडीपैलवान. ती रेलायची, लोंबकळायची, शिव्या द्यायची, बोट ढिम्म. मग मामानं ताडपत्रीची एक छागळ शिवली. ट्रकवाले पुढं टांगतात तसलीच, पण पोत्याएवढी. ती पाण्यात बुडवून भरायची, पाठीवर घ्यायची आणि मग रेलायचं. पाण्याचंच वजन घेऊन पाण्यातून उठायचं. पहिल्यांदा बोट तशी सरळ झाली तेव्हा शिडातून पाणी धो धो गळत होतं आणि माय छागळीसकट पाठीवर पडून आभाळाकडं बघत होती. "भाऊ," ती म्हणाली, "आता बाप दूर नाई."

आखाडी झाली आणि मामा परत गेला.

पंचमीला, धाकट्याला बापूंपाशी ठेवून, आम्ही दोघी निघालो. मेंदीचे हात, नव्या बांगड्या, जाळीला बांधलेलं पुरणाचं दिंड आणि आज्यासाठी मऊ घडीचं धोतर. मावळतीचा वारा होता, पावसाची भुरभुर. मायचा चेहरा मी पूर्वी कधी तसा पाहिला नव्हता, नंतरही नाही.  नुसती शिडाकडं बघायची, कासरा थोडा ओढायची, थोडा सोडायची. पाणी होड्यांच्या पोटाखालून चुळचुळ करत जात होतं. मधोमध आलो तेव्हा दोन्हीकडची देवळं सारखीच दिसत होती. आमचं गाव मागं लहान झालं आणि मला उगाच बापूंची कीव आली.

पलीकडं आजा उभा होता. खाटेवरून न उठणारा माणूस, जुना रस्ता पाण्यातून जिथं वर येतो तिथं गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा. बोट जवळ येताच त्यानं उजव्या होडीचं नाक धरलं, बैलाची वेसण धरावी तसं, आणि दुसऱ्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली. "आनलं रे माह्या लेकीले, राजा," म्हणाला. होडीला म्हणाला. माय पाण्यातच उतरली आणि त्याच्या पायांशी वाकली, तर तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. आम्ही सगळे किती हसलो! आज्याला हसताना दम लागला तरी तो हसत होता. संध्याकाळी लिंबाच्या झोक्यावर मायनं इतका उंच झोका घेतला, की मामी ओरडली. त्या तीन-चार दिवसांतलं बाकी काही मला आठवत नाही. अंबाडीच्या भाजीचा वास तेवढा आठवतो, आणि आजा खाटेवरून सारखं विचारायचा ते. "पोये, आता कधी येशीन?"

माय म्हणायची, "तुमी बलावलं की. वारा असला की."

श्रावण सरत आला. पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळण. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, म्हणून त्या दिवशी त्याचा खांदा ऊन पाण्यानं शेकायचा, लोणी-हळदीनं चोळायचा, आणि त्याला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बापूंनी गोठ्यातल्या बैलांचं केलं. वाटीत लोणी उरलं होतं. मायनं ती वाटी उचलली आणि पाण्याकाठी निघाली. मी मागं.

तिनं बोटीचं जू सोडलं. वाऱ्याच्या भीतीनं काठी आम्ही रोज उतरवूनच ठेवायचो. मायनं दांडीचे दोर सोडले, दांडी उचलून बाजूला गवतावर निजवली आणि होड्यांच्या पाठीवर जिथं ती बसायची त्या खाचांना लोणी-हळद चोळली. अगदी अंगठ्यानं, गोल गोल, मायेनं. "लय वाह्यलं रे तुमी," म्हणाली. "मले बापाकडं नेलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मलाही लावायला दिलं. लोणी उन्हानं पातळ झालेलं, बोटांवरून ओघळत होतं. मी ते चाटलं म्हणून मला एक धपाटाही बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही होड्यांना बेगड लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, नाकाशी पुरणपोळी ठेवली. कावळ्यांनी ती नेली. गावानं नावं ठेवली, पण कौतुकानं.

दुपारी दुकानदाराचा माणूस पळत आला. पलीकडून मामीचा फोन होता. आजा निघाल्यागत करतोय. सारखा तुमचं नाव घेतोय, विचारतोय, बैलजोडी दिसली का.

बापू मारुतीपुढं बैल घेऊन उभे, तोरणाखाली, सगळा गाव तिथं. माय धावत तिथं गेली. वाजंत्री वाजत होती, तिला ओरडून सांगावं लागलं. सणाच्या दिवशी गाडी कुठली मिळायला! होती ती सकाळीच गेलेली. माय म्हणाली, "वारा हाये. मी जाते."

बापूंचा चेहरा पडला. "आज जू चढवतीस? पोळ्याच्या दिशी? आवं, आज बैलाच्या मानंवर काडी ठेवत न्हाईत."

"पोळा बैलाचा हाये," माय म्हणाली. "माह्या बापाचा नाई."

 खरं सांगायचं तर बापूंनी अडवलं नाही, हातातला बैल दुसऱ्याकडं देऊन आमच्या मागं आले, काठी उभी करायला हात लावला. दांडी खाचेत बसवली ती मायनं. बांधली तीही तिनंच, मामानं शिकवली तशी, फेऱ्यावर फेरे. दात ओठांत रुतवून आवळत होती. दोर लोण्यानं पिवळे होत होते, हात सरकत होते, ती ते पदराला पुसायची आणि पुन्हा आवळायची. कुणाच्याही मनात काही आलं नाही. कशाला येईल? खांद्याला लोणी लावलं म्हणून जू निसटलं असं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. झेंडूच्या माळा तशाच होत्या.

मधल्या पाण्यात वारा वाढला. काळं पाणी आमच्याकडं सरकत येताना मी पाहिलं आणि ओरडले. मायनंही पाहिलं. डावा बैल उचलला, आणि मी तिच्या हाताकडं बघत होते, तिनं मूठ उघडली. बरोब्बर उघडली. इतके दिवस चुलीपाशी घोकलेलं ते तिच्या हातानं त्या क्षणी चोख केलं. शीड फडफडलं, होडी खाली आली, पाण्यावर आपटली. आणि त्या आपटण्यानं जू सुटलं. दोर तुटला नाही. नुसता घसरला, न्हाणीत साबण घसरावा तसा. दोन्ही होड्यांची नाकं फाकली, काठी कलंडली, मागची दांडी एकटी किती धरणार, तीही पिरगळून निघाली.

मी वर आले तेव्हा मायनं माझी वेणी धरली होती. दुसरा हात डाव्या होडीवर. "सोडू नको," ती म्हणत होती. "बोट सोडू नको. बोट सोडू नको." छागळ कुठंतरी आमच्या बाजूनंच तरंगत होती, पण सरळ करायचं काय? जोडी राहिलीच नव्हती. झेंडूची फुलं पाण्यावर पसरली होती.

उजवी होडी रिकामी, हलकी. वाऱ्यानं ती उचलली आणि घेऊन निघाला. माळ तशीच गळ्यात. सरळ पलीकडच्या काठाकडं, देवळाच्या रोखानं. आम्ही दोघी पाण्यात लोंबकळत तिच्याकडं बघत राहिलो.

"ते चाल्लं पाय," माय म्हणाली. "ते चाल्लं माह्या बापाकडं."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

काठावरून बापूंचा हंबरडा ऐकून मासे धरणारा एक म्हातारा भोई थर्माकोलच्या तराफ्यावर आला. त्यानं आम्हाला आणि शीड गुंतलेल्या त्या एका होडीला ओढत इकडंच आणलं. माय त्याला विनवत होती, तिकडं ने, बाबा, पाया पडते, तिकडं ने. तो म्हणाला, "माय, हे लेकरू निळं पडलंय." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला पोटाशी ओढलं. मला गोधडीत गुंडाळलं होतं, दात वाजत होते. गावात तोरण तुटलं, पोळा फुटला, घुंगरमाळांचा गलका आमच्या काठापर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. कळमनुरी, मग पुसदची गाडी, मग जीप नाही म्हणून पायी. पोचलो तेव्हा अंगणात विस्तव विझत आलेलं मडकं आणि भिंतीला उभी केलेली रिकामी खाट. मामी मायच्या गळ्यात पडली. म्हणाली, काल दिवस कलताना पोरं ओरडत आली, बैलजोडीतला बैल आला, माळ घालून आला. म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं डोळे उघडले.

"एकच?" आजा म्हणाला. "दुसरा कुठी हाये? पोरगी कुठी हाये?"

 तो दाराकडं बघत राहिला आणि तसाच गेला.

हे मामीनं सांगायला नको होतं. मला तिचा आजही राग येतो. गावाकडची माणसं दुःखात काय बोलावं याचा विचारच करत नाहीत, सगळं ओतून मोकळी होतात. माय अंगणात गेली. उजवी होडी तिथं लिंबाखाली ओढून ठेवली होती, माळ सुकून चोळामोळा झालेली. मायनं तिच्या नाकावर हात ठेवला, आज्यानं ठेवला होता तिथंच. परत निघताना बापू म्हणाले, टेम्पो सांगतो, घेऊन जाऊ, मामा येऊन पुन्हा जोडून देईल.

"राहू द्या," माय म्हणाली. "माहं तेवढं तरी इथं राहू द्या."

मामानं पुढं दोन-तीनदा विचारलं. तिनं विषय काढू दिला नाही. शिडाच्या ठिगळांचं कापड उसवून तिनं भावासाठी दुपटी शिवली. खुंटीवरचा दोर एके दिवशी नाहीसा झाला. बांधावर उभी राहून पलीकडं बघायचीही थांबली. तेच मला जास्त खुपायचं. आज्याचं धोतर वाळत घातलंय असं तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि मी ते ऐकायला तरसले.

आज खांदमळण. भावाची एकच जोडी उरलीय, बाकी सगळं ट्रॅक्टरवर. ऊन पाण्याची घागर, लोणी-हळदीची वाटी, सगळं त्यानं मांडलं. बैल हौदावर पाणी पीत होते, शिंगं खर्र खर्र घासत होती. भाऊ मनानं चांगला. वाटी मायच्या हातात देऊन म्हणाला, "माय, तू लाव पहिलं. तुझ्या हातानं."

माय खाटेवरून उठली. वाटीकडं बघितलं. बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं, वास घेतला. मग बैलांना वळसा घालून हौदापाशी गेली. मला वाटलं, आता ही खाचेला लोणी लावणार.

तिनं वाटी जमिनीवर ठेवली, दूर सरकवली. पदराचं टोक धरलं आणि त्या पट्टीवरची खाच पुसायला लागली. शेवाळ, बैलांची लाळ, वर्षांची धूळ. पुसायची, अंगठा फिरवून बघायची, पुन्हा पुसायची.

"माय, काय करून राहिलीस?" भाऊ म्हणाला. "हौद हाय तो."

"तेलकट हाये," माय म्हणाली. "निसटन. उद्याच्याला बाप वाट पाहीन माहा."

भाऊ कसानुसा हसला. "गप रे," मी त्याच्यावर खेकसले. आणि मायच्या समोर, पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी उकिडवी बसले. माझ्या पदरानं मीही पुसायला लागले.

मायनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे. "कोरडं कर," ती म्हणाली. "पार कोरडं कर, बाई."

"व्हय, माय."

"वारा कुठला हाये?"

वारा पडला होता. लिंबाचं एक पान हलत नव्हतं.

"मावळतीचा," मी म्हणाले.

"मंग जमते," ती म्हणाली, आणि पुसत राहिली.